घरातला खर्ज

लोणंदच्या बाजारपेठेत गाणी ऐकायचे यंत्र घ्यायला आलेले गिऱ्हाईक पहिला प्रश्न किमतीचा विचारते आणि दुसरा बेसचा. ‘बेस कसाय?’ दुकानदार तोंडाने उत्तर देत नाही. हाताशी असलेले गाणे लावतो, बटण शेवटपर्यंत फिरवतो आणि काउंटरची काच थरथरू लागली की बोलणी पुढे सरकतात. गायिकेचे शब्द नीट उमटतात का, सारंगी सारंगीसारखी वाजते का, हे विचारणारा क्वचित. शिकलेली मंडळी या प्रश्नाला हसतात. ‘ह्यांना गाणं नको, धडधड हवी,’ असा शेरा मी पुण्यातल्या एका संगीतसभेत माझ्याच शेजारच्या खुर्चीवरून ऐकलेला आहे.

माझ्याजवळ ध्वनिशास्त्राची पदवी नाही. जुन्या तबकड्या, मोडके रेडिओ आणि ग्रंथालयांतून मिळतील तेवढी पुस्तके, यांवर माझा अभ्यास उभा आहे. त्या आधारावर मी असे म्हणतो की, बेसची ही ओढ डीजेने लावलेली नाही. ती आपल्या भागात फार जुनी आहे. घरात आलेल्या यंत्रांनी मात्र ती पाऊणशे वर्षे भागवलीच नाही, आणि भागवायची वेळ आली तेव्हा तिच्या नावावर खोटे आकडे विकले.

जुनेपणाचा पुरावा दरवर्षी आषाढवारीत आमच्या दारातून जातो. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरास्नान उरकून सातारा जिल्ह्यात शिरते ती लोणंदच्या मुक्कामालाच. पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण होते. मुक्कामाच्या रात्री राहुट्यांमधून भजन चालू असताना नुसते पखवाजाकडे लक्ष द्यावे. वादक वाजवायला बसण्याआधी डाव्या पुडीवर भिजवलेली कणीक थापतो, बोटाने दाबून पसरतो, थाप मारून पाहतो, पुन्हा चिमूटभर वाढवतो. वजन वाढले की कातडे सावकाश हलते आणि नाद खाली उतरतो. भजन संपले की कणीक खरवडून टाकायची, दुसऱ्या दिवशी ताजी लावायची. तबल्यात हेच काम कायमच्या शाईने केले आहे. डग्ग्यावरची शाई मध्यावर नसून एका बाजूला सरकलेली असते, म्हणून मनगटाच्या दाबाने नाद घसरवता येतो. ढोलकीच्या धुमाला आतल्या अंगाने लेप असतो. म्हणजे खालचा आवाज हा अपघाताने आलेला नाही. तो मिळवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या रोज पीठ मळले गेले आहे.

या शाईचे शास्त्र जगापुढे मांडले चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी. १९२० साली ‘नेचर’मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह त्यांचे टिपण आले आणि १९३४ मध्ये भारतीय चर्मवाद्यांवरचा सविस्तर निबंध. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे वरचे नाद मूळ नादाशी जुळत नाहीत, म्हणून त्यात सूर सापडत नाही. शाईच्या वजनामुळे ते जुळतात, हे त्यांनी दाखवले. नोबेल मिळालेला माणूस मृदंगावर लिहितो, तेव्हा त्याला कोणी धडधडीचा शौकीन म्हणत नाही.

आता यंत्रांकडे येऊ. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. कलावंताने कर्ण्यात तोंड घालून गायचे, हवेच्या धक्क्याने पडदा हलायचा आणि सुई मेणात रेघ ओढायची. या पद्धतीत अंदाजे दोनशे हर्ट्झच्या खालचे आणि अडीच हजाराच्या वरचे फारसे काही पकडले जात नसे. डग्ग्याचा मूळ नाद शंभराच्या आसपास किंवा त्याखाली. काळी एकच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सत्तर हर्ट्झला जरा कमी. म्हणजे त्या तबकड्यांवर तबला आहे, पण डग्गा जवळजवळ नाही. उजव्या हाताची टिकटिक ऐकू येते आणि डावा हात आपण समजून घ्यायचा. युरोपातही तीच अडचण होती. तिकडे कर्ण्यापुढे मोठ्या खर्जाच्या तंतुवाद्याऐवजी पितळी ट्यूबा बसवत, कारण तंतुवाद्य उमटतच नसे.

हा फरक एकाच गळ्यावर तपासायची सोय आपल्या भागाने करून ठेवली आहे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेचे झाले, मिरजेतच त्यांची समाधी आहे. १९०५ च्या सुमारास त्यांनी कर्ण्यापुढे गाऊन तबकड्या दिल्या आणि पुन्हा आयुष्याच्या अखेरीस, १९३४ नंतर, ओडियनसाठी. दरम्यान १९२५ मध्ये अमेरिकेत विद्युत मुद्रण सुरू झाले होते, ते पुढे इकडेही आले. दोन्ही काळांतल्या तबकड्या एका बैठकीत ऐकल्या तर गायकाचे वय वाढल्याचे नंतर जाणवते. आधी जाणवते ते हे, की गाण्याला खालून जमीन मिळाली. तंबोरा भरून राहिला, डग्ग्याला पोट आले. आमच्याकडे खाँसाहेबांच्या सुरेलपणावर पाने भरून लिहिले गेले. तो सुरेलपणा नंतरच्या तबकड्यांत इतका का भिडतो, यात मायक्रोफोनचा वाटा किती, यावर फारसे कोणी लिहीत नाही.

जाता जाता एक सांगतो. नादाचे मोजमाप करण्याचा छंद सातारा-सांगलीकडे नवा नाही. सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक काढले, त्यांच्या प्रयोगांत अब्दुल करीम खाँ गळ्याने सहभागी होते. न्यायखात्यातले क्लेमंट्स साहेब त्यांना येऊन मिळाले, १९११ मध्ये संस्था निघाली, लंडनहून खास श्रुती-हार्मोनियम बनवून घेतली गेली. देवलांचे निष्कर्ष सगळ्यांनी मानले असे नाही. पण कचेरीतून घरी येऊन नाद मोजत बसणारा माणूस आपल्या मुलखात होऊन गेला, याचे मला बळ वाटते.

मिरजेचा दुसरा धागा भोपळ्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये घडवायला घेतली आणि पुढे सितारमेकर हे आडनावच झाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यासाठी लागणारे मोठे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. तारेला स्वतःचा आवाज असा जवळपास नसतोच. ती हवेला कापत जाते, ढकलत नाही. ढकलण्याचे काम तबली आणि तिच्यामागची भोपळ्यातली हवा करते. कारागीर भोपळा निवडताना आधी घेर पाहतो. पुरुषी तंबोऱ्याला मोठा घेर, बायकी तंबोऱ्याला लहान. खालच्या आवाजाला जागा लागते, हा नियम त्याने कोणत्याही प्रयोगशाळेआधी घेराच्या मापात उतरवून ठेवला होता. पुढे जे सांगणार आहे त्याचे सगळे मूळ या वाक्यात आहे.

रेडिओ आला तो जागा घेऊनच आला. पुणे आकाशवाणी १९५३ ची, सांगली १९६३ ची. १ एप्रिल १९५५ ला पुण्याहून ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि छप्पन्न गीतांनी वर्ष भरले. ते ज्यांनी ऐकले त्यांनी बहुधा लाकडी पेटीच्या व्हॉल्व्ह रेडिओवर ऐकले. मर्फी, फिलिप्स, बुश. पोस्टात लायसन्सचे पैसे भरायचे, पुस्तिकेवर शिक्का घ्यायचा. पेटी दीड-दोन फुटांची, आत सहा ते आठ इंची स्पीकर, मागची बाजू भोकाच्या पुठ्ठ्याने झाकलेली. मध्यम लहरींवर वरचे सूर कापले जात, म्हणून आवाज गोड पण जरा मिटलेला. खालचा आवाज मात्र पेटीमुळे बऱ्यापैकी येई. आमच्याकडच्या मातीच्या घरांत हा रेडिओ कोनाड्यात किंवा दोन भिंतींच्या कोपऱ्यातल्या फळीवर असे. ती जागा पोरांचा हात पोचू नये म्हणून निवडलेली. पण दोन-दोन फूट जाडीच्या भिंती खालच्या लहरींना मागे पळू देत नाहीत, खोलीत परत लोटतात. त्याच तत्त्वावर अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात कोपऱ्यात बसवायचा स्पीकर काढला आणि त्यावर कंपनी उभी केली. आमच्या आज्यांनी कोनाड्याचे पेटंट घेतले नाही.

मग ट्रान्झिस्टर आला आणि खर्ज घरातून गेला. हे वाक्य मी विचार करून लिहितो आहे. ट्रान्झिस्टरने रेडिओ शेतात नेला, गोठ्यात नेला, बायकांच्या हाती दिला. त्याचे उपकार मोठे आहेत. पण प्लॅस्टिकच्या डबीतला तीन-चार इंची स्पीकर डग्गा वाजवू शकत नाही. तरी आपल्याला ताल कळतो, कारण कानाला एक खोड आहे: मूळ नाद गायब असला तरी त्याचे वरचे नाद ऐकून तो मूळ नाद मनाने भरून काढतो. एक अख्खी पिढी डग्गा असा मनाने ऐकत वाढली. मीही त्यातलाच. लग्नात किंवा जत्रेत खरा संबळ समोर वाजला की छातीत जे हलते, ते घरातल्या डबीत कधी हलले नाही. घरात न मिळालेली गोष्ट म्हणूनच लोक दुकानात आधी मागतात.

१९८० नंतर कॅसेटने भाव पाडले. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, इथून सुटे भाग लोणंदपर्यंत येऊ लागले. गावागावांत सोल्डरिंगचे काम जाणणारी पोरे तयार झाली. सान्योची एलए ४४४० ही चिप त्यांची सर्वांत लाडकी. ‘चव्वेचाळीस चाळीस’ म्हटले की आजही चाळिशीतला मेकॅनिक हसतो. भारनियमनाच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा तो अँप्लिफायर म्हणजे चैन होती.

याच काळात आमच्या भागात माठात स्पीकर बसवण्याची युक्ती पसरली. ती इथेच निघाली असा दावा मी करत नाही, देशात इतरत्रही ती दिसते. माठाच्या तोंडावर सहा इंची स्पीकर पालथा-उताणा करून पाहायचा, जो बरा वाजेल तसा कडेने कणकेने किंवा सीलने लिंपायचा आणि माठ कोपऱ्यात तिवईवर ठेवायचा. लोक याला गरिबाचा जुगाड म्हणून हसले. मला तो शास्त्राच्या दृष्टीने चोख वाटतो. उघडा स्पीकर पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढतो. खालच्या लहरी लांब असल्याने पुढची हवा वळसा घालून मागे जाते आणि दोन्ही एकमेकींना खातात. माठ मागची हवा कोंडतो. शिवाय गोल भाजलेल्या मातीला सपाट फळी नाही, त्यामुळे स्वस्त प्लायच्या खोक्यासारखी ती स्वतः बडबडत नाही.

याहून गमतीचा प्रकार तोटीच्या माठाचा. एका घरी मी असा माठ पाहिला, तोटी काढून भोक तसेच ठेवलेले. विचारल्यावर ‘भोक बुजवलं की आवाज बसतो’ एवढेच उत्तर मिळाले. मी घरी येऊन हिशेब केला. पंधरा लिटरचा माठ, इंचभर भोक, सेंटिमीटरभर जाडीची माती: हेल्महोल्ट्झच्या सूत्राने आतली हवा ५५ ते ६० हर्ट्झच्या दरम्यान घुमते. बेल प्रयोगशाळेतल्या अल्बर्ट थुरास यांना भोकाच्या खोक्यासाठी १९३२ मध्ये पेटंट मिळाले ते याच तत्त्वाचे. भोक लहान असल्याने जोर मारला की हवा फसफसते, हा दोष आहे. तोटीचे भोक मुळात पाण्यासाठी पाडलेले. व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने नाट्यगृहात काशाची भांडी पुरावीत असे दोन हजार वर्षांपूर्वी लिहिले, त्याचा अभ्यास विद्यापीठांतून होतो. आमच्या माठाचा कोणी केलेला माझ्या वाचनात नाही.

पुढचा काळ आकड्यांचा. १९९१ नंतर परदेशी मिनी सिस्टिमा आल्या, त्यांच्या नकला आल्या आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांवर पीएमपीओ ही अक्षरे आली. दोन हजार वॅट, पाच हजार वॅट. या मापाची कोणतीही मान्य व्याख्या नाही. विकणारा ठरवेल ती. खरे माप सतत मिळणाऱ्या शक्तीचे, ज्याला आरएमएस म्हणतात. ते शाळेतल्या गणिताने काढता येते. बारा व्होल्टची बॅटरी, चार ओहमचा स्पीकर: बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, भागिले आठ, भागिले चार, साडेचार वॅट. दोन चॅनेल उलटसुलट जोडून एकच स्पीकर चालवला तर चौपट, अठरा. चव्वेचाळीस चाळीसच्या माहितीपत्रात याला जुळणारे आकडे आहेत, एका चॅनेलला सहा आणि जोडून एकोणीस. त्याच चिपच्या खोक्यावर मी हजार वॅट छापलेले पाहिले आहे. गिऱ्हाइकाला फसायचे नसेल तर खोक्याची पुढची बाजू सोडून अडॅप्टरची पाठ वाचावी. बारा व्होल्ट, दोन अँपिअर लिहिले असेल तर आत चोवीस वॅट जातात. चोवीस आत घालून पाच हजार बाहेर काढणारे यंत्र असते तर आमचा वीजप्रश्न लोणंदच्या बाजारातच सुटला असता.

ज्यांनी घाम गाळून सहा-सात हजार बाजूला काढलेत त्यांची ही फसवणूक मला लागते. कारण त्यांची मागणी खोटी नव्हती.

मग घ्यावे काय? १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी लहान बंद खोक्यातूनही खोल आवाज काढून दाखवला, पण त्यासाठी अँप्लिफायरला जास्त राबावे लागले. त्याच मंडळींतले, आणि एका विख्यात पियानोवादकाचे चिरंजीव, अँटन हॉफमन यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो: खोल आवाज, लहान खोके आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच पदरात पडतात. बजेट कमी म्हणजे वीज कमी, म्हणून लहान खोक्याचा मोह सोडावा लागतो. एक सप्तक खाली तितकाच आवाज हवा तर पडदा चौपट हलावा लागतो. चार इंचीपेक्षा आठ इंची पडद्याचे क्षेत्रफळ चौपट. म्हणून माझ्या मते, कमी पैशांत लखलखत्या दिव्यांच्या पाच खोक्यांपेक्षा आठ इंची स्पीकरचे एकच जड लाकडी खोके आणि दोन साधे लहान स्पीकर चांगले. सोबतचा अँप्लिफायर प्रामाणिक तीस-चाळीस वॅटचा असला तरी खोलीला पुरतो. वीस वॅटांचे चाळीस केले तर कानाला तीनच डेसिबल वाढतात, तेव्हा वॅटांमागे धावून विशेष हाती लागत नाही.

दुकानात ऐकताना नाचाचे गाणे लावू देऊ नये. तबल्याची एकट्याची फीत लावायला सांगावी आणि डग्ग्याची घसीट ऐकावी. नाद खालून वर सरकताना सलग ऐकू आला तर यंत्र खरे. प्रत्येक थापेला तोच एक ‘धप्प’ येत असेल, तर ते खोके स्वतःचा एकच सूर आळवते आहे. त्याला तबला, संबळ, बाजा सगळे सारखेच. प्लॅस्टिकच्या बहुतेक स्वस्त सबवूफरांत हे होते. दुसरी परीक्षा आवाज लहान करून. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवले की आवाज हळू असला की कान खालच्या नादांना जास्त बधिर होतो. म्हणून रात्री हळू ऐकताना बेसचे बटण वाढवणे हा काही गुन्हा नाही.

घरी आल्यावर खोलीचा प्रश्न येतो. आमच्याकडच्या नव्या घरांत दहा बाय दहाची खोली हा जणू कायदा आहे. पन्नास हर्ट्झची लहर जवळजवळ सात मीटर लांब असते. दहा फुटांच्या भिंतींमध्ये ५६ च्या आसपासचा नाद आपोआप फुगतो, आणि खोली चौरस असल्याने दोन्ही दिशांनी एकाच ठिकाणी फुगतो. भिंतीला टेकून बसणाऱ्याला तो ऊत ऐकू येतो, खोलीच्या मध्यावर बसणाऱ्याला तोच नाद हरवलेला वाटतो. खोके आधी कोपऱ्यात ठेवून पाहावे. फार फुगले तर हातभर पुढे ओढावे. याला पैसे पडत नाहीत. पत्र्याचे छप्पर असेल तर मात्र पत्र्याचे खिळे आधी तपासावेत.

आणि भिंतीपलीकडचा शेजारी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण हे मोजमाप ज्या ‘ए’ पट्टीवर होते ती मानवी कानाच्या हळू ऐकण्याला धरून बेतलेली आहे. ती शंभर हर्ट्झला सुमारे १९ आणि पन्नासला ३० डेसिबल वजा करते. त्यामुळे मापकावर आकडा नियमात असतो आणि शेजारच्या म्हाताऱ्याच्या छातीवर थाप पडत असते. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या डीजेबद्दल लोक चिडतात ते बरोबरच आहे, त्यात मी बेसची वकिली करणार नाही. पखवाजाची थाप पडते आणि विरते. दोन थापांमधली शांतता हा तालाचा भाग असतो. डीजेत ती जागाच ठेवलेली नसते.

गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका भजनी मंडळाने वर्गणी काढून यंत्र घ्यायचे ठरवले आणि मला सोबत नेले. दुकानातले तीन संच पाहून झाले, डग्ग्याची घसीट एकातही सरळ आली नाही. शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारातून रविवारी आठ इंचींची लाकडी खोकी उचलली. एका स्पीकरची कड उंदरांनी खाल्लेली होती, ती मेकॅनिककडून नवी बसवून घेतली. अँप्लिफायर इथल्याच पोराने बांधून दिला. मंदिराच्या ओट्यावर पहिल्यांदा लावले तेव्हा त्यांच्या म्हाताऱ्या पखवाजवाल्याने गाणे निम्म्यात थांबवायला सांगितले, खोक्याच्या पडद्याला बोट लावून पाहिले आणि विचारले, ‘ह्याला कणीक किती लावलीय?’